कोपनहेगनहून आलेलं भांडं

"अगं बाई, धार बघ कशी पडते! एक थेंब इकडेतिकडे नाही."

स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला तेव्हा मी हॉलमध्ये स्टुलावर उभी राहून चैत्रगौरीच्या पाळण्यावर दिव्यांची माळ चढवत होते. माळ हातातच राहिली. धारेबद्दल बोलणं चाललंय म्हणजे ते भांडं शोकेसमधून बाहेर निघालंय, हे कळायला मला आत जायची गरज नव्हती. त्या धारेबद्दल या जगात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

तरी गेले. आई सिंकपाशी उभी राहून भांड्यातून पाणी ओतून दाखवत होती. काकू गालाला हात लावून पाहत होत्या. दोह्याच्या मदिनत खलीफा भागातल्या ज्या व्हिलाचा खालचा भाग आम्ही भाड्यानं घेतलाय, त्याच्या वरच्या भागात या काकू राहतात. वीस वर्षांचा शेजार आहे, त्यामुळे त्या आमच्या घरात बेल न वाजवता येतात आणि मत न विचारता देतात.

"आज पन्हं यातूनच द्यायचं," आई म्हणाली. "स्टीलचा जग काय, सगळ्यांकडेच असतो."

"ॲक्च्युअली आई..." मी म्हणाले.

"झालं हिचं ॲक्च्युअली सुरू," काकू म्हणाल्या. "पुढचं वाक्य बहुतेक पुढच्या चैत्रात."

दोघी हसल्या. मीही हसले. माझ्याबद्दलच्या विनोदांना सगळ्यात आधी मीच हसते, म्हणजे मग काही बोलावं लागत नाही. शिवाय काकूंचं खरं होतं. घाबरले की माझ्या तोंडून एक इंग्रजी शब्द निघतो आणि त्याच्यामागून काहीच येत नाही. शाळा इंग्रजी, घर मराठी. मराठी वाचायला मी आईच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून शिकले. त्यामुळे एकादशी कधी आणि गॅसवर दूध उतू जाऊ नये म्हणून काय करावं, हे मला नीट वाचता येतं. कबुलीजबाब कसा द्यावा हे कॅलेंडरच्या मागच्या पानावर कधी आलं नाही.

मी परत हॉलमध्ये गेले आणि स्टुलावर चढले. पाहुण्या यायला दोन तास होते.

*

मी हॉटेलांच्या खोल्या सजवणाऱ्या एका ऑफिसात काम करते. सजवणाऱ्या दुसऱ्या. मी पडद्यांच्या कापडाच्या आणि उशांच्या अभ्र्यांच्या याद्या ठेवते. गेल्या नोव्हेंबरात ऑफिसनं मला आणि सजवणाऱ्यांपैकी एकीला कोपनहेगनला पाठवायचं ठरवलं. तिथलं एक हॉटेल पाहायचं होतं, ज्यातली प्रत्येक खोली एकेका कलाकाराच्या ताब्यात दिलेली आहे. तिचा व्हिसा वेळेत आला नाही. मग मी एकटीच निघाले, पाच रात्रींसाठी.

बॅग आईनं भरली. मेतकूट, खाकरे, दोन थर्मल, आणि सगळ्यात वर गुलाबी प्लास्टिकचा मग.

"तिकडे बाथरूममध्ये पाण्याचा स्प्रे नसतो," ती म्हणाली. "नुसता कागद. तुला जमणार नाही."

मला जमणार नाही हे उघड होतं. दोह्यात जन्मलेल्या माणसानं स्प्रेशिवायचं बाथरूम पाहिलेलंच नसतं. इथं मॉलमध्ये, पेट्रोल पंपावर, एअरपोर्टवर, कुठंही जा, भिंतीवर तो असतोच. पण त्या रात्री मला दिसत होतं ते वेगळंच. डिझाइन हॉटेलची लॉबी, कुणीतरी माझी बॅग उघडतंय आणि आतून गुलाबी मग गडगडत बाहेर येतोय. हॉटेलात तुमची बॅग कुणी उघडत नाही. पण मी डिझाइनच्या क्षेत्रातली होते. आठ महिने झाले होते. आई झोपल्यावर मी मग काढला आणि कपाटात, रजयांच्या मागे, सरकवून ठेवला.

हॉटेल सुंदर होतं. इतकं सुंदर की तिथं नेमकं काय करायचं असतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. लॉबीत एका लाकडी बाकाजवळ राखाडी लोकरीच्या घड्यांचा कंबरेइतका ढीग रचलेला होता. मी तीन दिवस त्या ढिगाभोवती आदरानं वळसा घालून गेले. एकदा त्याच्यासमोर उभं राहून मान जराशी तिरकी करून पाहिलं, कारण आजूबाजूचे लोक तसं करत होते. ते बहुधा मागच्या चित्राकडे पाहत होते. चौथ्या दिवशी एका म्हाताऱ्या बाईंनी त्या कलाकृतीतली वरची घडी उचलली, पायांवर पांघरली आणि कॉफी प्यायला लागल्या. ती पांघरुणं होती. दार सारखं उघडायचं आणि वारं आत यायचं, म्हणून ठेवलेली. मी तीन दिवस त्याच लॉबीत दातांवर दात आपटत बसले होते.

माझी खोली एका कुंभार बाईंची होती. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांनी केलेली तीन भांडी, आणि त्यांच्यापाशी एक कार्ड. ही भांडी पाहण्यासाठी नाहीत, वापरण्यासाठी आहेत, असं त्यावर छापलेलं होतं. शेजारी एक वही. त्या खोलीत राहून गेलेल्यांनी तीत भांड्यांबद्दल लिहिलं होतं. कुणाला त्यात समुद्राची आठवण दिसली होती, कुणाला आजोबांचे हात. एकानं फक्त 'शांतता' एवढंच लिहिलं होतं आणि खाली रेघ मारली होती.

बाथरूम पांढरंशुभ्र होतं. भिंतीवर स्प्रे नव्हता.

मी घाबरले नाही, असं सांगायला आवडलं असतं. आधी प्लास्टिकची बाटली शोधली. हॉटेलात प्लास्टिक आणायचंच नाही असा त्यांचा नियम होता; प्यायचं पाणी काचेच्या सुरईत, आणि ती सुरई एवढी जड की दोन हात लागायचे. खाली जाऊन कागदी कप मागितला. काउंटरवरच्या मुलीनं फार प्रेमानं सांगितलं की ते एकदा वापरून टाकायच्या वस्तू ठेवत नाहीत, आणि मला चिनी मातीचा नाजूक कप बशीसकट दिला. तो मी खोलीत नेऊन कॉफीसाठी वापरला, कारण बशी असलेल्या वस्तूबरोबर मला ते धाडस झालं नाही. दुकानात जाऊन प्लास्टिकचा मग विकत घेता आला असता. पण कशासाठी हवा, असं दुकानदारानं विचारलं तर? मग विकत घेणाऱ्याला जगात कुणीही असं विचारत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

मग खिडकीच्या कट्ट्याकडे पाहिलं. तिन्हींतलं मधलं भांडं लहान तांब्याएवढं होतं. करड्या-निळ्या रंगाचं, पोट गोल, मान आखूड, ओठ एका बाजूला किंचित पुढे ओढलेला. वापरण्यासाठी आहेत, असं लेखी दिलेलं होतं.

पाच दिवस वापरलं.

आता सांगायला हरकत नाही, इतकं चांगलं भांडं मी आयुष्यात हाताळलेलं नाही. भरल्यावरही एका हातात राहायचं, मनगटावर भार यायचा नाही. ओठ असा घडवलेला की धार जिथं हवी तिथंच. शेवटच्या सकाळी निघायची वेळ झाली तेव्हा मला वाईट वाटलं. मी वही उघडली. समुद्र आणि आजोबा यांच्याखाली इंग्रजीत लिहिलं: तोल उत्तम. एका हातानं, डाव्या हातानंसुद्धा, सहज धरता येतं. धार नेमकी, ओघळत नाही. रोज वापरलं. आभारी आहे. खाली नाव लिहिलं आणि फार समाधान वाटलं. अख्ख्या वहीतला तो एकच खरा मजकूर होता.

*

जानेवारीत हॉटेलकडून ईमेल आला. त्या कुंभार बाईंनी वही वाचली होती. तीस वर्षं त्या भांडी घडवताहेत, लोक फक्त बघत बसतात. ज्या एका पाहुणीनं भांडं खरंच वापरलं, तिला ते भेट म्हणून पाठवायची त्यांची इच्छा आहे. पत्ता कळवाल का?

नको म्हणायचं तर कारण द्यावं लागतं. मी पत्ता कळवला.

पार्सल आलं तेव्हा मी ऑफिसात होते. संध्याकाळी घरी पोचले तर भांडं शोकेसमध्ये, चांदीच्या समईच्या शेजारी, आणि आई हातात चिठ्ठी घेऊन बसलेली. डोळे भरलेले. चिठ्ठीत हातानं लिहिलं होतं: 'हे कशासाठी आहे ते जिला कळलं, त्या मुलीला.'

"एवढी मोठी कलाकार," आई म्हणाली, "आणि तुला ओळखलं बघ तिनं. तू आम्हाला काही बोलत नाहीस, पण बाहेरच्यांना कळतं तुझ्यात काय आहे ते."

मी "ॲक्च्युअली" म्हणाले, आणि जेवायला बसले.

तीन महिने भांडं समईशेजारी होतं. मी स्वतःची समजूत घातली होती. शोकेसमधून कुणी काही पीत नाही. आणि झालंय तरी काय? पाणीच ओतलं होतं. पाणी जिथं जायचं तिथं गेलं, भांडं वरच्यावर हातात होतं. शिवाय ते भट्टीत भाजलेलं आहे. भाजलं आधी होतं आणि वापरलं नंतर, हा क्रम मी त्या युक्तिवादातून वगळायचे.

*

हळदीकुंकू शुक्रवारी होतं, सुट्टीचा दिवस. माळ चढवून झाल्यावर मी स्वयंपाकघरात परतले. पन्हं तयार होतं. उकडलेल्या कैऱ्यांचा गर, गूळ, वेलची, केशर. वाटली डाळ झाकून ठेवलेली. भांडं ओट्यावर उपडं घातलेलं.

"मातीच्या भांड्यात आंबट चालत नाही," मी म्हणाले. हे मी स्टुलावर उभी असताना जुळवून ठेवलं होतं.

"वरून काचेसारखं आहे की," आई म्हणाली. "आणि तिनं लिहिलंय ना, कशासाठी आहे ते तुला कळलं म्हणून?"

"मी घासते मग."

मी ते साबणानं तीनदा घासलं. मग किटलीतलं उकळतं पाणी ओतलं. मग चिंच लावून घासलं. काकू करंज्यांचं ताट भरत बघत होत्या.

"अगं, काय घासतेस! पूजेचं आहे की मोरीतलं?"

मी नळ मोठा केला.

मग आई गौरीपुढे रांगोळी काढायला गेली, काकू वर साडी बदलायला गेल्या आणि भांडं व मी दोघंच उरलो. खाली फरशी होती. हातातून निसटलं म्हणाले असते तर आई 'जाऊ दे' म्हणाली असती आणि रात्री तुकडे जपून ठेवले असते. मी ते छातीपर्यंत उचललं. बोटं सैल केली. पण त्या बाईंनी भांडं असं घडवलं होतं की ते हातातून सुटतच नव्हतं. सैल बोटांतही आपलं आपण बसून राहिलं. त्यांनी तीस वर्षं बहुधा याच क्षणाची तयारी केली होती. मी ते ओट्यावर ठेवलं आणि कोरड्या फडक्यानं पुसलं.

बायका यायला लागल्या. दार उघडलं की बाहेरची गरम हवा आत यायची, साड्या आणि अत्तरं आणि "अगं, पार्किंगच मिळेना" एकदमच आत यायचं. काकूंनी सासूबाईंना हाताला धरून खाली आणलं. या आजी नाशिकहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. बाहेरचं काही खात नाहीत, दुसऱ्याच्या पेल्यातून पीत नाहीत. विमानात साडेतीन तास पाण्याचा घोट घेतला नाही, हे काकू येईल त्याला अर्ध्या कौतुकानं आणि अर्ध्या वैतागानं सांगायच्या. आजी सोफ्याच्या कडेला बसल्या, पिशवीतून आपलं पितळी फुलपात्र काढलं आणि मांडीवर ठेवलं.

"तुमच्याकडे मात्र घेईन हो," त्या आईला म्हणाल्या. "तुझं सगळं निगुतीचं असतं. सुनेला सांगितलंय मी, या घरात विचारायला लागत नाही."

आई एवढी खूश झाली की तिनं आजींना दोनदा कुंकू लावलं.

मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. माझी नेहमीची जागा. तिथून सगळं दिसतं आणि कुणी काही विचारलं तर आत काहीतरी गॅसवर आहे असं भासवता येतं.

"यल्ला, चला, आरती करून घेऊ," काकू म्हणाल्या. आरती झाली. डाळीच्या वाट्या फिरल्या. आई स्वयंपाकघरात गेली आणि भांडं दोन्ही हातांत धरून बाहेर आली, काठोकाठ पन्ह्यानं भरलेलं. मागून मी पेल्यांचा ट्रे घेऊन.

"हेच का ते?" कुणीतरी म्हणालं. "हिला तिकडून पाठवलं ते?"

आईनं सगळी गोष्ट सांगितली. हॉटेल, कलाकार, वही, चिठ्ठी. चिठ्ठीतलं वाक्य तिला पाठ होतं. बायका माझ्याकडे वळून वळून पाहत होत्या. मी ट्रेकडे पाहत होते.

"पण त्या देशांत राहायचं म्हणजे कठीण हो," काकू म्हणाल्या. "आम्ही गेलो होतो ना युरोपच्या टूरवर, बाथरूममध्ये बघते तर काय, नुसता कागद! यांनी शेवटी शांपूची बाटली रिकामी केली."

सगळ्या खो-खो हसल्या. एकीनं कोल्ड्रिंकच्या बाटलीची हकिगत सांगितली, दुसरीनं लेकीकडच्या कुंड्यांना पाणी घालायच्या झारीची. आजीसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. हळदीकुंकवात हा विषय चालतो, हे मला त्या दिवशी कळलं. चालतोच असं नाही, रंगतो.

"आमच्या हिला नाही अडलं," आई म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला. "मी मग दिला होता बरोबर. गुलाबी, प्लास्टिकचा. मला वाटलं होतं, ही नाही नेणार, लाजेल. कुठं ते हॉटेल आणि कुठं आईनं दिलेला मग. या वयाच्या मुलींना आपल्या गोष्टींची लाज वाटते, त्यात त्यांचा दोष नाही. पण हिनं नेला हो. एका शब्दानं काही बोलली नाही."

ती माझ्याकडे बघून हसली. ते हसू पाहुण्यांसाठी नव्हतं. नोव्हेंबरापासून ती हे मनात धरून बसली होती, आणि मला वाटत होतं की तिला अभिमान आहे तो चिठ्ठीचा.

मला तेव्हा भांड्यापेक्षा रजयांच्या मागची ती गुलाबी कड दिसत होती. तो मग अजून तिथंच होता. थंडी संपली की आई कपाटातल्या पाहुण्यांच्या रजयाही उन्हात घालते. गौरीच्या गडबडीत या वर्षी राहून गेल्या होत्या. उद्यापरवा घालणारच होती.

"आधी आजींना," आई म्हणाली.

आजींनी फुलपात्र पुढे केलं. पितळ घासून सोन्यासारखं केलेलं, आत केशराच्या काड्या पडायला जागा केल्यासारखं रिकामं. आईनं भांडं उचललं. दोन हातांत धरलेलं तिनं सहज एका हातात घेतलं, कारण ते एका हातात राहतं. मनगट वळलं. पन्हं ओठापाशी आलं, पिवळं, जाड, आणि तिथंच जरा थांबलं, कारण ते भांडं ओतणाऱ्याला शेवटचा क्षण देतं. हेही मला माहीत होतं.

"ॲक्च्युअली..." मी म्हणाले.

"पुढच्या चैत्रात," काकू म्हणाल्या, आणि पुन्हा हशा झाला.

मी ट्रे खाली ठेवला. एक पेला कलंडून गालिच्यावर गेला, तो मी उचलला नाही. पुढे होऊन आईचं मनगट धरलं. ते गरम होतं, आणि बांगड्या माझ्या बोटांत रुतल्या. मी आजींकडे पाहिलं नाही, काकूंकडे पाहिलं नाही, आणि घरातल्या घरात जितक्या मोठ्यानं मी कधीच बोलत नाही तितक्या मोठ्यानं म्हणाले,

"आई, ओतू नकोस. तुझा गुलाबी मग रजयांच्या मागे आहे, मला त्याची लाज वाटली म्हणून मी तो नेलाच नव्हता, आणि तिथं पाचही दिवस मी हेच भांडं वापरलं."